होड्या धरल्यास का?

स्क्रीनवरच्या नदीच्या निळ्या पट्ट्यावर नख टेकवायचं आणि विचारायचं, "होड्या धरल्यास का?" हे त्याचं रोजचं. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. त्याच्या नखाचे डाग मी दिवसातून दोनदा पुसायचो.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा नग असेल. माझ्या वाट्याला हा परदेशात, हॅमिल्टनमध्ये आला, दोन हजार सात-आठच्या सुमारास. व्हिएतनाममधल्या ग्रामीण जिल्ह्यांचे तक्ते आणि नकाशे करायचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे होतं. कुठल्या जिल्ह्यात किती जमीन, किती माणसं. त्यावरून एक संस्था तिथं दवाखाने काढणार होती. मी नागपूरचा इंजिनिअर, आकडे माझ्याकडे. तो साठीचा, मेकाँग नदीच्या मुखाकडचा, गावांची नावं तपासायला काँट्रॅक्टवर घेतलेला. नावं तपासून गप्प बसला असता तर आमचं वाजलंच नसतं.

त्याची बहीण अजून तिथंच, नदीवर, होडीत राहत होती. होडीतच स्वयंपाक, होडीतच बाळंतपणं. अशी पुष्कळ कुटुंबं दोन जिल्ह्यांमधल्या पात्रात होती. अलीकडचा जिल्हा म्हणे ती पलीकडची, पलीकडचा म्हणे अलीकडची. सरकारी यादीत ती कुठंच नव्हती. ती मोजली नाहीत तर दवाखाना नदीपासून लांब जाणार, एवढंच त्याचं म्हणणं.

"एरियातून पाणी वजा करायचं असतं," मी म्हणालो.

"पाणी कर वजा. माणसं कशाला करतोस?"

असं महिनाभर चाललं. लंच रूममध्ये आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसायचो. त्याच्या डब्यातल्या फिश सॉसबद्दल मी तक्रार केली, माझ्या लसणीच्या फोडणीबद्दल त्यानं. मॅनेजरबाईंनी दोघांनाही एकच मेल पाठवला.

मग एका सकाळी फायनल फाइलमध्ये मला नवी ओळ दिसली. 'होड्या', आणि पुढे आकडा. माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही हे कुठून आणलंत? सोर्स काय?"

"माझी बहीण. तीन आठवडे होडी वल्हवत एकेकाकडे गेली. डोकी मोजली आणि मला फोनवर सांगितली." त्यानं वही उघडून पुढे केली आणि एका नावावर बोट ठेवलं. "ही पोटुशी आहे. हिला एक धरू की दोन, असं ती मला विचारत होती."

मी वही हातातही घेतली नाही. ओळ काढून टाकली आणि त्यानं परवानगीशिवाय फाइल बदलली म्हणून मॅनेजरबाईंना कळवलं. शुक्रवारी त्यांनी त्याचं काँट्रॅक्ट संपवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तरी कुठंतरी टोचत असणार, कारण त्याच दुपारी मी तक्त्याखाली एक टीप टाकली : 'होड्यांवरील लोकसंख्येची माहिती उपलब्ध नाही.' तो जाड जॅकेट चढवून, खोकं काखेत मारून निघाला होता. माझ्या मागे थांबला आणि टीप वाचली.

"उपलब्ध नाही? त्या दिवशी मी ती तुझ्या हातात देत होतो."

मी मागे वळून बघितलं नाही. पावलं जिन्यापर्यंत गेली आणि मग दार लागलं.

दवाखान्यांच्या जागा ठरल्या. दोन्ही जिल्ह्यांत पक्क्या रस्त्यालगत, नदीपासून लांब. नकाशावर त्यांच्या लाल खुणा मीच केल्या. "व्हेरी क्लीन वर्क," मॅनेजरबाई म्हणाल्या. तो मला पुन्हा कधी दिसला नाही, आणि मी त्याला शोधलंही नाही. नियमानं बघाल तर माझं काही चुकलं नव्हतं. तो उद्धट होता, हेही मी आज कुणालाही सांगेन. पण ती टीप खोटी होती, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.