कुंकवाखालचे मिलिमीटर

“याला तू ग्रुप म्हणतोस?” फ्रँकने टार्गेटचा कागद काउंटरवर पसरला. “ही टाउन मीटिंग आहे. प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात.”

कागदावर पाच भोकं होती, शंभर यार्डांवरून मारलेल्या पाच गोळ्यांची. अशा घोळक्याला आमच्या धंद्यात ग्रुप म्हणतात. तो जितका लहान, तितकी नळी चांगली. इथे टोकाच्या दोन भोकांमध्ये साडेपाच इंच होते. आणि नळी मी बनवलेली.

फ्रँक आमचं जुनं गिऱ्हाईक. सत्तरी उलटलेली. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला रायफलचा दणका सोसत नाही, म्हणून लांब नळीचं, वर दुर्बीण लावलेलं शिकारी पिस्तूल वापरतो. त्या पिस्तुलाच्या नव्या नळीत मी त्याच्या आवडीच्या काडतुसासाठी खास चेंबर कोरलं होतं. चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा. तो दिवस सोमवार, आणि हरणांचा सीझन उघडत होता शनिवारी. त्याने केबिन विकली होती आणि ख्रिसमसच्या आधी तो कायमचा मुलीकडे, अ‍ॅरिझोनाला चालला होता. म्हणजे त्याच्या जंगलातला हा शेवटचा सीझन.

“ग्रुप दोन इंचांच्या आत आला नाही तर मी शिकारीला जात नाही,” तो म्हणाला. “जखमी हरीण मागे सोडून मला गाव सोडायचं नाही.”

मी अनुभवी माणसासारखा चेहरा केला आणि ज्या ज्या गोष्टीत माझा हात नव्हता, त्या सगळ्यांवर ओळीने संशय घेतला. आधी काडतुसं. तीन वेगळ्या प्रकारची मागवून रेंजवर मारायला दिली. टाउन मीटिंग चालूच. मग दुर्बीण बदलली. मग स्क्रू सोडवून पुन्हा मापाने आवळले. मंगळवारी दुपारी संशय घ्यायला एकच गोष्ट उरली, तेव्हा मी अगदी हळू आवाजात विचारलं, “फ्रँक, हाताला हल्ली थरथर वगैरे?”

त्याने उजवा हात उलटसुलट करून पाहिला आणि जॅकेटच्या खिशात घातला. “असेल,” म्हणाला. “वय झालं.” आणि पिस्तूल आमच्याकडेच ठेवून निघून गेला.

ते मला लागलं. पण निम्मं सुटल्यासारखंही वाटलं, हे कबूल करतो.

डेब आमच्या बंदुकांच्या दुकानाची मालकीण. माझं नाव सुहास. ती मला ‘सू’ म्हणते. मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे मी नऊ वर्षांत तिला सांगितलेलं नाही. बुधवारी सकाळी तिने पिस्तूल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलं आणि स्वतः पाच गोळ्या मारल्या. सव्वापाच इंच. डेबचा हात लेथच्या बेडसारखा स्थिर आहे.

“फ्रँकचा हात ठीक आहे,” एवढंच बोलून ती आत गेली.

आता नळीकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एका डमी काडतुसाची गोळी मार्करने काळी केली, चेंबरमध्ये बसवली, बाहेर काढली. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे पिळाचे उंचवटे असतात. चेंबर नळीच्या नेमक्या मध्यावर असेल तर त्यांचे ओरखडे गोळीच्या सगळ्या बाजूंनी सारखे उठतात. माझ्या गोळीवर ते एकाच बाजूला होते. गोळी नळीत तिरकी शिरत होती.

“कोरताना नळी सेंटर केली होतीस?” डेबने विचारलं.

“चार टेन्थमध्ये,” मी तोऱ्यात म्हणालो. टेन्थ म्हणजे एका इंचाचा दहा हजारावा भाग. चार टेन्थ म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी.

“कशाने मोजलंस?”

फिरती नळी मध्यापासून किती हलते ते काट्याने दाखवणारी दुकानाची डायल ऑक्टोबरात माझ्याच हातून पडून दुरुस्तीला गेली होती. म्हणून मी घरची आणली होती. भोसरीच्या टूलरूमची नोकरी सोडताना फोरमन काकांनी दिलेली. इथल्या, ईडन प्रेरीच्या घरी दर खंडेनवमीला मी तिची पूजा करतो. मखमली डबीतून ती काढून मी डेबसमोर ठेवली. काचेवर हळदीकुंकवाचं बोट तसंच होतं.

डेबने चष्मा लावला. “हा लाल ठिपका काय आहे?”

मी सांगितलं. तिने आदराने मान हलवली, मला विचारून एका कोपऱ्यातून ठिपका अंगठ्याने पुसला आणि वाचलं, “झिरो पॉइंट झिरो वन. पुढे एम एम. सू, एम एम म्हणजे काय?”

रोज लंचला इंचांची टिंगल करून सगळ्या दुकानाला मेट्रिकचं महत्त्व पटवणारा माणूस मी. ती डायल मिलिमीटरची आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षांत डोळ्यांना एक सवय लागली होती: एक घर म्हणजे एक टेन्थ. या डायलचं एक घर म्हणजे जवळजवळ चार टेन्थ. मी वाचले चार. नळी फिरत होती सोळा टेन्थ बाहेर.

डेब म्हणाली, फ्रँकला दुकानातलं दुसरं पिस्तूल देऊ, नळीचं सीझननंतर बघू. मी नाही म्हटलं. नळी टोकापर्यंत सारख्याच जाडीची होती, त्यामुळे मागून कापून पुन्हा कोरायला जागा होती. चेंबरचा दोन इंचांचा तुकडाच कापून टाकला. शेजारच्या दुकानातून टेन्थची डायल मागून आणली, तिच्यावरची बारीक अक्षरं दोनदा मोठ्याने वाचली, नळी पुन्हा सेंटर केली. नवे आटे पाडले, नवं चेंबर कोरलं. गुरुवार त्यात गेला. काळ्या गोळीवर या वेळी ओरखडे सगळीकडून सारखे उठले.

मग फ्रँकला फोन केला. मी रनआउट, इंडिकेटर असं काहीबाही सांगायला लागलो.

“सू,” त्याने तोडलं. “हात माझा होता का?”

“नाही. माझा होता.”

“मग उद्या येतो.”

शुक्रवारी त्याने रेंजवर पाच गोळ्या मारल्या. सव्वा इंच. डेब कागद मोजत होती, मी नळी पाहत होतो. फ्रँक दोन्हीकडे बघत नव्हता. उजव्या हाताची बोटं पसरून, मिटून, पुन्हा पसरून पाहत होता. नळी दोन इंच आखूड झाल्याची तक्रार त्याने केली नाही.

शनिवारी अकराला त्याचा मेसेज आला. त्यात दोनच शब्द होते: एकच गोळी.

डायलची पूजा मी अजूनही करतो. कुंकू फक्त मागच्या बाजूला लावतो.