शहाऐंशीवर थांबलेला काटा

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण माझ्यासारख्या माणसाच्या पोटाच्या घेराकडे बघायला त्याला वेळ असेल, असं काही मला वाटत नव्हतं. इतरांचे अनुभव मी वाचतो, ऐकतो. कुणाचं हरवलेलं मूल सापडतं, कुणाची गाडी दरीच्या काठावर थांबते. माझ्या अनुभवात एक लठ्ठ माणूस आहे आणि त्याने केलेली एक लबाडी आहे. ती सांगताना अजून कान गरम होतात. तरी सांगतो, कारण ती लपवली तर झालेली कृपाही लपवल्यासारखं होईल.

माझं गाव कराडच्या बाजूला. शाळा सातवीत सुटली. ओळखीच्या एका ड्रायव्हरने नागपूरला आणलं आणि तिथल्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात काट्यावर बसवलं. येणारा प्रत्येक नग वजनकाट्यावर चढवायचा, दांडी सरळ झाली की आकडा मोठ्याने सांगायचा आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहायचा, एवढं काम. बायको आणि दोन मुली गावी. मी भाड्याच्या खोलीत एकटा. दिवसभर स्टुलावर बसणं, सकाळी तर्री-पोहे, दुपारी कचोरी, संध्याकाळी पुन्हा काहीतरी तळलेलं. सहा वर्षांत मी चौऱ्याण्णव किलोंचा झालो. मग एक दिवस बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ वर आली. खोकलो की ती फुगायची.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हर्निया आहे. पण आत्ता टाके घातले तर या पोटाच्या ओझ्यानं उसवतील. ऐंशीवर या, मग ऑपरेशन करू. आणि गाठ दुखायला लागली, आत जाईना, तर थांबू नका. आतडं अडकलं तर जिवाशी खेळ आहे."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला घर आठवलं. मी इथे मेलो तर घरच्यांना कळायलाच दोन दिवस लागतील, हेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

त्या भीतीनेच मी सुरुवात केली. तळलेलं बंद, एका वेळी दोन भाकरी, पहाटे अमरावती रोडने नाक्यापर्यंत चालणं. गोदामाशेजारी मारुतीचं छोटं देऊळ आहे. तिथे शनिवारचा उपास धरला. हमालांनी तर माझं वजन म्हणजे स्वतःचंच काम करून टाकलं. दर शनिवारी सकाळी ते मला काट्यावर उभं करायचे आणि आमचे मुकादम शामराव भिंतीवर खडूने आकडा लिहायचे. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, नव्वद. "भाऊ, असेच वाळत गेले त एक दिवस तुमालेच बिल्टी लावून पाठवून देऊ गावाले," असं म्हणून सगळे हसायचे. ऐंशी झाले की मारुतीला सगळ्यांच्या वतीने नारळ, असं ठरलं होतं. परमुलखात कुणी आपला एवढा हिशोब ठेवतं याचंच मला भरून यायचं. गावी पत्रात मी प्रत्येक आकडा कळवायचो.

दोन महिन्यांत शहाऐंशी झाले. आणि तिथे काटा थांबला.

पहिल्या शनिवारी वाटलं, असेल काहीतरी. दुसऱ्या शनिवारीही शहाऐंशी. मग मी सोमवार आणि गुरुवारचा उपासही धरला. इथे माझी अक्कल सांगतो. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर तूप, मूठभर तळलेले शेंगदाणे, दोन राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. भूक जास्तच लागली तर बटाट्याचा कीस. देवासाठी खातोय म्हटल्यावर ते अंगाला लागेल हे माझ्या मनातच आलं नाही. शनिवारी देवळात प्रसाद वाटायचं कामही मी मागून घेतलं होतं. उरलेला गूळ, खोबरं, पेढे टाकायचे कसे म्हणून मीच संपवायचो. तिसऱ्या शनिवारी शहाऐंशी आणि वर एक पाव. शामरावांनी खडू हातात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि शहाऐंशीच लिहिलं. त्यांची ती दया मला सहन झाली नाही.

काट्याच्या दांडीच्या टोकाला वजनं अडकवायचा एक हुक असतो. आमच्या काट्यात एकाला शंभर असं प्रमाण होतं. त्या हुकावर चाळीस ग्रॅमचं काही अडकवलं तर फळीवरच्या मालाचं वजन चार किलो कमी दिसतं. हे माझ्याइतकं गोदामात कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी गेलो आणि ट्रकची एक लोखंडी चकती तिथे मागच्या बाजूने अडकवली. पंच्याऐंशी दिसावेत म्हणून आधी लहान, त्याच्या पुढच्या शनिवारी थोडी मोठी. हमाल टाळ्या वाजवायचे. ते चहाला गेले की मी चकती काढून खिशात घालायचो. बायकोने उत्तरात लिहिलं की मुलींनी शेजारी जाऊन सांगितलं, आमचे बाबा बरे होणार. ते पत्र मी पुरतं वाचलंच नाही.

तिसऱ्या लबाडीच्या शनिवारी मोठी चकती लावून मी ब्याऐंशी झालो. काम सुरू व्हायच्या आधी देवळात गेलो आणि कपाळ टेकवून म्हणालो, "मारुतीराया, काहीही कर, पण माझी लाज राख." परत आलो तर दारात माल येऊन पडला होता, हमाल हाका मारत होते. त्या गडबडीत चकती काढायची राहिली.

तासा-दीड तासाने एक म्हातारी आली. नऊवारी, पायात टायरच्या चपला, मागे रिक्षावाल्याच्या डोक्यावर संत्र्यांची पेटी. लेकीकडे भुसावळला पाठवायची होती. रिक्षावाल्याने पेटी काट्यावर चढवली आणि मी आकडा सांगितला, "अठरा."

"अठरा काहून?" ती म्हणाली. "बावीस भरून आणली ना मी घरून. अठरा लिहिले त वाटेत चार किलो कोनी काढले तरी पत्ता नाही लागाचा."

"आजी, घरचा तराजू चुकत असेल."

"तराजू चुकन, पण मी नाही चुकत." रिक्षावाल्याला पेटी उतरवायला लावून ती पदर खोचून सरळ काट्याच्या फळीवरच चढली. "आता धंतोलीतून येऊन राहिली मी. डॉक्टरनं आत्ताच मोजलं मले, चव्वेचाळीस. पाह्य बरं तुया काट्यात किती येते ते."

चाळीस आले.

"माय, धंतोलीपासून वाडीपर्यंत चार किलो वाळली वं तू!" एक हमाल ओरडला आणि सगळे हसले. शामराव मात्र हसले नाहीत. ते दांडीच्या टोकाशी गेले, मागून हात घातला आणि चकती काढून तळहातावर धरली. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग एकेकाची नजर भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांकडे गेली आणि तिथून माझ्याकडे आली. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सकाळपासून वजन केलेले तीसेक नग ट्रकपाशी लागले होते. ते सगळे पुन्हा काट्यावर आणावे लागणार होते आणि गाठीमुळे मला एक पोतंही उचलायची बंदी होती. ज्यांनी माझ्यासाठी नारळ बोलला होता, तेच माझ्या खोटेपणाचं ओझं पाठीवर वाहत होते आणि मी स्टुलावर बसून खरे आकडे सांगत होतो. प्रत्येक आकड्याला आवाज आणखी खाली जात होता. शामराव एवढंच म्हणाले, "मालकाले मी नाही सांगत. सांगाचं असन त तू सांग."

म्हातारी गेली नव्हती. बिल्टी घेऊनही ती आपल्या पेटीवर बसून होती. काम संपल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"काहून केलं गा बापू असं? पेटीवाल्याइले लुटाले?"

मी मान हलवली. मग काय झालं कुणास ठाऊक, गाठीपासून चकतीपर्यंत सगळं तिला सांगून टाकलं. मुलींचंही सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. "उपासाले काय खाते?" मी सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "हा उपास हाय का लगनाची पंगत?" आणि इतकी मोकळी हसली की मलाही रडता रडता हसू फुटलं.

मग तिने तिच्या बागेचं सांगितलं. "संत्र्याचा बहार धराचा असला की आमी झाडाचं पाणी तोडतो. महिना, दीड महिना. पानं मलूल होते, गळते. पाहणारा म्हणते, मेलं झाड. पण आतून त्याचं काम चालूच राहते. त्या वक्ती रोज जाऊन फांद्या नाही चाचपाच्या. अन् जीव कासावीस झाला म्हणून मंधातच लोटाभर पाणी टाकलं, त फूल नाही येत, नुसता पाला येते. तू त रोजच लोटा टाकून राहिला बापू. आता डॉक्टर सांगते तेवढं कर अन् काट्यावर चढूच नको. बहार आनाचं काम तुयं नाही, त्याचं हाय." असं म्हणून तिने देवळाच्या बाजूला हात केला. निघताना माझ्या हातावर दोन संत्री ठेवली. "हे खाय. याच्यानं नाही फुगत."

संध्याकाळी मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी अर्धा तास सुनावलं आणि कामावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गावी खरं पत्र लिहिलं. भिंतीवरचे तीन खोटे आकडे मीच पुसले आणि चकती मारुतीच्या पायाशी ठेवून म्हणालो, "आता आकडा तुझा. मी फक्त चालतो आणि मोजून जेवतो." शनिवारचा एकच उपास ठेवला आणि त्या दिवशी दोन संत्री आणि ताक. प्रसाद वाटायचं काम पुजाऱ्यांकडे परत दिलं.

सोपं नव्हतं. दिवसभर जगाचं वजन करायचं आणि रिकाम्या फळीवर स्वतः पाय ठेवायचा नाही! कितीदा पाय उचलला आणि मागे घेतला. हमाल आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मग एका पहाटे चालायला निघालो तर शामराव मफलर गुंडाळून नाक्यावर उभे. "चाला," म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज आले. चकतीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

दीड महिन्याने धंतोलीला गेलो. डॉक्टरांच्या काट्यावर चढताना मी डोळे मिटून घेतले होते. ते म्हणाले, "एक्क्याऐंशी. चालेल. मध्ये शरीर थांबतं थोडं, तेव्हाच बहुतेक लोक सोडून देतात. तुम्ही नाही सोडलंत." मी काय केलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलो तेव्हा कॉटपाशी बायको होती आणि दारात चार हमाल, हातात फोडलेला नारळ घेऊन.

ती म्हातारी पुन्हा आली नाही. तिने नेमकं त्याच सकाळी वजन का करावं आणि पेटी घेऊन आमच्याच गोदामात का यावं, याचा मी फार विचार करत नाही. एवढंच कळतं की मी मारुतीला लाज राखायला सांगितलं होतं आणि त्याने ती चार माणसांत उघडी केली. झाकून राहिली असती तर मी शहाऐंशीवर बसून ऐंशीचे आकडे सांगत राहिलो असतो आणि गाठ एक दिवस अडकली असती. त्याने राखले ते माझे प्राण. लाजेचं म्हणाल तर ती अजून आहे आणि असू दे. तिच्यामुळे ताटात दुसऱ्यांदा हात जात नाही.

आजही सकाळी काटा उघडताना मी आधी दांडीच्या टोकाला मागून हात घालतो आणि हुकावरून बोट फिरवतो. तो रिकामा असतो. मग देवळाकडे तोंड करून हात जोडतो आणि पहिल्या नगाचं वजन सांगतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.