आईसाठी खणलेला खड्डा

आईसाठी खणलेल्या खड्ड्यात सरपंच उतरला आणि मांडी घालून बसला.

"इथं नाय. तुमचा देव येगळा, मंग माती आमची कशाला?"

पेठकडचं आमचं डोंगरातलं गाव. आईने जन्मभर इथेच भात लावला, नागली पेरली. गावात कोणी गेलं की घरटी एक माणूस मूठभर माती टाकायला येतं, ही आमची रीत. आईने कितीजणांना माती दिली! तिच्या वेळी गावाने दारं लावून घेतली. बा सरपंचाच्या पाया पडला. मीही पडले. आठवलं की आजही स्वतःचीच चीड येते.

शेवटी टेम्पोत घालून आईला नाशिकला आणलं. आम्ही ख्रिस्ती; आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीच्या दफनभूमीत जागा दिली. प्रार्थना झाल्यावर म्हणाले, "बाळा, क्षमा कर. न्याय देव करील." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

गंगापूर रोडच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्रात एम.ए. करते. त्याच महिन्यात सरांनी न्यायाचा सिद्धांत शिकवला. "समजा, आपली जात, धर्म, घर काहीच आपल्याला माहीत नाही. सांगा, कसा समाज निवडाल?"

मी उठले. "मेल्यावर आपल्याच गावात पुरतील असा. सर, माझ्या आईला..."

"हा वर्ग आहे, चर्च नाही. धर्म बाहेर चपलांपाशी ठेवून येत जा."

वर्ग हसला. मी खाली बसले.

सिद्धांत मला पटला होता. आपण स्वतः कोण हे सरपंचाला माहीत नसतं, तर तो खड्ड्यात बसलाच नसता. पण त्याला माहीत होतं ना! आणि सरांच्या वर्गात न्याय मागायचा तर मी माझी आई विसरायची. इकडे आड, तिकडे विहीर.

सुट्टीत गावी गेले. बा ओट्यावर खोकत बसला होता.

"माझं कुठं करशील, पोरी?"

पाळकसाहेबांनी आईशेजारची जागा बासाठी राखून ठेवतो म्हणून निरोप दिला होता. मायेनेच दिला होता. मी नको म्हणून कळवलं.

"इथंच, बा."

कसं, ते मला ठाऊक नाही. माझ्या पाठीशी कोणी माणूस नाही. सरपंच पुन्हा खड्ड्यात उतरेल. या वेळी मी पाया पडणार नाही. क्षमा करायचीच आहे, ती माझ्या प्रभूची आज्ञा आहे. पण ती खड्ड्यातून उठलेल्या माणसाला करीन. बसलेल्याला नाही.