रुमालाखालचं फ्रेमवर्क

आमच्या जिनिंग कंपनीतला कापूस दर हंगामात विकून मोकळा व्हायचा, किस्से मात्र कॉम्प्युटर सेक्शनमध्येच साचत राह्यले. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतेच. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हाचे हे.

आदिलाबादच्या त्या सेक्शनमध्ये आमी तिघं. साहेब वानखेडे सर, प्रोग्रामर मी आणि श्रीनिवास. सगळ्या खरेदी केंद्रांचे भाव ब्राउझरमध्ये दिसले पाहिजेत, असं आमच्या सेठनं मनावर घेतलं. फ्रेमवर्क लवकर ठरलं नाही तर सेक्शन बंद, अन् सरांची बदली हैदराबादला! सरांची बायको जवळच्या बेला गावात शाळेत शिक्षिका, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. सर रोज बसनं जाऊन-येऊन करायचे. बदलीचं नाव निघालं की माणसाचा चेहराच उतरायचा. आमाले लई वाईट वाटायचं.

सेठनं पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, "हे फ्रेमवर्क म्हणजे काय असते?"

सर म्हणाले, "सेठ, सांगाडा असते. त्याच्यावर प्रोग्राम उभा करायचा."

"मग बाहेरून काऊन आणता? आपल्या शेडचा मिस्त्री रिकामाच बसून हाय!"

हैदराबादहून एक सल्लागार आला. टाय लावून. म्हणाला, "एका वेळी हजार युजर आले तरी सिस्टम पडणार नाही!"

सेठ म्हणाले, "हजार आले तर चहा कोण करंन?"

मी एएसपीवाला, श्रीनिवास जावावाला. दोन्हीचं काम तेच, सर्व्हरवर पान तयार करायचं अन् ब्राउझरला पाठवायचं. पण आमचं भांडण सवतींसारखं.

पहिला डेमो माझा. ऐन भावाच्या पानावर मशीन अडकलं अन् सगळा स्क्रीन निळा! सेठनं चष्मा लावून निवांत पाह्यलं.

"रंग चांगला हाय. भाव कुठं हायेत?"

मग श्रीनिवासचा जावा. पान उघडेपर्यंत चहा आला, पिऊन झाला, कपही गेले. घाबरला की गडी तेलुगूत जायचा. "लोड अवुतोंदी सर, लोड अवुतोंदी!"

सर म्हणाले, "होऊ दे बापा. तोवर पऱ्हाटीले कापसाची बोंडं लागतीन."

शेवटी फैसल्याचा दिवस आला. सेठ अन् त्यांचे दोन भागीदार गादीवर बसले. एका भागीदाराचा जावई जावावाला, दुसऱ्याचा साळा एएसपी विकणारा. उघड बोललं तर घरात भांडण. सेठ जन्मभर बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेला माणूस. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला अन् हातावर टाकला. "एक बोट जावा, दोन बोटं एएसपी. मूठ आवळली तर सेक्शन बंद."

दोघांनी पाळीपाळीनं रुमालाखाली हात घातला. कोणाच्या तोंडावर काही दिसंना.

सर घामेघूम. "सेठ, काय ठरलं?"

"वानखेडे, रुमालाखालचं रुमालाखाली. सौद्यात नसलेल्याले सांगत नाहीत."

आमच्या सरांनी कधी सेठसमोर खुर्ची ओढली नव्हती. त्या दिवशी उठले, सरळ गादीवर जाऊन बसले अन् स्वतःचा हात रुमालाखाली घातला! सेठ अन् सर एकमेकांकडे पाहून राह्यले. रुमाल हलायचा, थांबायचा, परत हलायचा. सरांच्या कपाळाची शीर फुगली. एकदा सेठ "अरे!" म्हणाले, पण हात सोडला नाही. आमी दोघं दारातून पाहत होतो.

मग सेठनं रुमाल झटकला. "सौदा पक्का."

सर बाहेर आले. डोळे भरलेले.

"सेक्शन इथंच राहते रे! बदली नाही!"

श्रीनिवासनं सरांना मिठीच मारली. मलाही भरून आलं. जरा दम खाऊन मी विचारलं, "पण सर, जावा का एएसपी?"

सरांनी माझ्याकडे असं पाह्यलं, जसं मी काही भलतंच बोललो.

"काऊन बे, सौदा उघड करू? दोन्हीत लिवा!"