दाजींची गाडी पाणी पीत होती

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला देवभोळा म्हणायला नको. मी गॅरेजवाला माणूस. कर्जतहून खोपोलीकडे जाताना पळसदरीच्या अलीकडे डाव्या हाताला पत्र्याची शेड दिसते, ती माझी. शेडला लिंबू-मिरची नाही, काळी बाहुली नाही. गिऱ्हाइकाच्या बंपरला असली तर काम सुरू करण्याआधी मी ती उपटून फेकतो, त्यावरून माझी भांडणंही झालीत. एकदा 'बाधा झालेली' गाडी आली होती... आपोआप हॉर्न वाजवायची. उंदराने वायर कुरतडली होती. उंदीर धरला, बाधा उतरली. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर नुसती टिंगल केलीय.

आणि आता मीच लिहायला बसलोय. बायको समोर बसून हसतेय. हसू दे.

गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीच्या घरची. रंजना तिचं नाव. खालापूर तालुक्यात साजगावला दिलेली. तिचा नवरा दिनेश, म्हणजे आमचे दाजी, तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. बोलायला गोड, शर्ट कायम कडक इस्त्रीचा, आमच्याकडे आले की आईच्या पाया पडल्याशिवाय खुर्चीवर बसायचे नाहीत. त्यांनी नेरळच्या एका रिटायर्ड गृहस्थांकडून जुनी डिझेल गाडी घेतली होती. पांढरी, रेडिएटरवरच झाकण असलेलं जुनं मॉडेल. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली.

"मेवणे, गाडी पाणी पितेय," दाजी म्हणाले. "आज भरलं की उद्या निम्मं. खाली सगळं वलं."

गाडी पाणी पिते म्हणजे रेडिएटरमधलं पाणी कमी होतं, आमच्या धंद्यातलं रोजचं बोलणं. पाणी एकतर बाहेर गळतं, नाहीतर इंजिनात शिरतं. खाली ओलं होतंय म्हणजे गळतंय. सोपं काम! रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून हवा भरली आणि काट्याकडे बघत बसलो. कुठे बारीक भोक असलं तर काटा खाली येतो, फुसफुस ऐकू येते. काटा हलला नाही. होज पाइप दाबून बघितले, क्लिपा आवळल्या, वॉटर पंपाच्या खालून बोट फिरवलं. सगळं कोरडं. तरी नवीन झाकण टाकलं आणि गाडी दिली.

आठवड्याच्या आत परत आली. मग मला राग आला. अख्खा रेडिएटर बदलला, पाइप बदलले, गाडी भिवपुरीपर्यंत दामटून आणली, शेडमध्ये रात्रभर उभी ठेवली. थेंब नाही! साजगावला गेली आणि पुन्हा फोन.

"मेवणे, तुमाला जमत नसंल तर तसं सांगा. खोपोलीत गॅरेजं काय कमी नायत."

हे मला झोंबलं.

गळती सापडत नसली की एक जुना उपाय आहे. गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवायचा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून भोक कुठे आहे ते कळतं. दाजी कंपनीच्या बसने कामावर जायचे, गाडी बहुतेक दारातच उभी. म्हणून मी रंजनाला सांगितलं, रोज पुठ्ठा टाक आणि फोटो पाठव. तिने इमानदारीत पाठवले. बरेच दिवस पुठ्ठा कोरा. मधेच एखाद्या दिवशी चिंब, पार लगदा झालेला. आणि डाग एका जागी नव्हताच... आख्ख्या रेडिएटरला घाम फुटल्यासारखं पाणी पसरलेलं.

असं अधूनमधून गळत असलं की मेकॅनिकचा प्रश्न ठरलेला असतो. ज्या दिवशी गळतं त्या दिवशी वेगळं काय घडतं? एसी लावला होता? घाट चढला होता? डॉक्टर विचारतो तसं खोदून खोदून विचारायचं. मी शेडमधून फोन लावला.

"रंजे, काल गळालं ना? काल गाडी कुटं नेली होती?"

"कुटं नाय. उबीच होती."

"मंग काल येगळं काय झालं?"

"तसं काय नाय."

"अगं सांग ना! बारीकसारीक काय बी असू दे, त्यावरनंच कळतं."

"काल..." ती म्हणाली, "काल बिरड्यात मीठ जास्त पडलं."

मी हसलो. "येडी हायस का गं? गाडीचं इचारतोय मी."

"मी पन गाडीचंच सांगतेय, दादा."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही! मी आपला पुढे. बरं, त्याच्या आधी गळालं तेव्हा काय झालं होतं?

"तवा मी आईला फोन केला होता. त्यांना ना इचारता."

"आनि त्याच्या आदी?"

"शेजारच्या काकूंसंगं दारात हसत उबी होते."

आता मात्र कळलं. मी शेडच्या बाहेर आलो.

"रंजे... मारतो तो तुला?"

"ज्या दिवशी मारतात त्या दिवशी गळतं, दादा. बाकीचे दिवस नाय गळत." गॅस संपला हे सांगावं इतक्या साध्या आवाजात ती बोलत होती. "आदी मला वाटलं माझाच भास हाय. मंग तू पुठ्ठा टाकायला लावलास."

गाडी गेली खड्ड्यात! माझ्या बहिणीला मिठावरून, फोनवरून, हसण्यावरून मारत होता आणि आमच्या आईच्या पाया पडत होता. गळतीचं मी तिच्या मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं. माराचं सोडण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी बाइक काढली. हत्यारांची पिशवी सोबत घेतली, म्हणजे गाडी बघायला आलोय असं वाटावं. आवाज चढवायचा नाही, बहिणीला मागे बसवायचं आणि निघायचं, एवढंच ठरवलं होतं. आईला काही सांगितलं नव्हतं.

दार रंजनानेच उघडलं. ओठ फुटलेला, एक गाल सुजलेला. दाजी चहा पीत होते. "या, या! दोन दिवस हलवली बी नाय गाडी, तरी बगा." कप घेऊनच ते माझ्यामागून पोर्चमध्ये गाडीपाशी आले, गाडीखालचा पुठ्ठा ओला होता.

मी बोनेट उघडलं. झाकण काढायच्या आधी रेडिएटरला हात लावून बघायची सवय हाडात भिनलेली असते, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. रेडिएटर माठासारखा गार होता. थंडीचे दिवस, इंजिन बंद, चावी घरात खिळ्याला. झाकण काढलं, अंगणातल्या नळाचं पाणी भरलं, झाकण फिरवून घट्ट बसवलं. हे सगळं मी माझ्या हाताने केलंय, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

मग म्हटलं, "दाजी, रंजनाला चार दिवस न्यायला आलोय."

"कशापाई?"

"तिचा ओठ कशानं फुटला?"

"मोरीत पडली."

"पडली नाय. तुमी मारलंत."

इथून पुढे मी त्याला एकेरीतच लिहिणार आहे. त्याने चहाचा कप खाली ठेवला, हसला, आणि माझ्याच पिशवीतला चाकाचा पाना उचलून माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दुसरा घाव गुडघ्यावर. मी गिअरबॉक्स एकट्याने उचलणारा माणूस, दोन फटक्यांत फरशीवर आडवा झालो. मग बरगड्यांत लाथा, एकामागून एक. "माझ्या घरात येऊन मला इचारतोस? मला?"

रंजना मधे पडली. त्याने पाना टाकला, तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तिचं तोंड गाडीच्या मडगार्डवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. तिला तसंच फरफटत पुढे आणून त्याने उघड्या बोनेटखाली वाकवलं, रेडिएटरवर तोंड दाबलं.

"बग! तुज्या भावानं काय रिपेर केलंय बग! पी पाणी!"

ती "दादा, दादा" ओरडत होती. मी उठायला गेलो, हात वळेना, गुडघा धरेना. त्याने केसांना धरून तिचं डोकं वर उचललं. रेडिएटरच्या वरच्या बाजूला बोनेट लॉक होण्यासाठी लोखंडी पट्टी असते, तिची कड धारदार असते. त्या कडेवर तो आता तिचं कपाळ आपटणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी ओरडलो की नाही तेही आठवत नाही.

कुकरची शिटी व्हायच्या आधी सुरू होतो तसा आवाज आला...

झाकण उडालं. पोर्चच्या पत्र्यावर ठाण्णकन आदळलं. रेडिएटरच्या तोंडातून पाण्याचा फवारा उसळला तो सरळ त्याच्या तोंडावर. माणूस असा ओरडतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याने दोन्ही हात चेहऱ्याला लावले आणि कातडी हाताबरोबर आली. अंगातून वाफा निघत होत्या. शर्ट छातीला चिकटला होता, तो ओढून काढायला बघत होता आणि आणखी ओरडत होता.

रंजना त्या फवाऱ्याच्या अगदी खाली होती. ती घसरून माझ्याजवळ पडली, नखशिखांत भिजलेली. भाजली, मेली, असं वाटून मी धड असलेल्या हाताने तिचं डोकं चाचपलं.

पाणी गार होतं.

केस गार, मान गार, ब्लाउज गार. मघाशी मी भरलेलं नळाचं पाणी. त्याच पाण्याने तिकडे तो सोलला जात होता. मी बंपरला धरून कसाबसा उभा राहिलो आणि रेडिएटरला हात लावला. माठासारखाच.

शेजाऱ्यांनी त्याला टेंपोत घालून खोपोलीला नेलं, तिथून पनवेलला. चेहरा, गळा, छाती भाजलेली, डावा डोळा गेला. उकळत्या पाण्याने भाजलंय, डॉक्टरांना त्यात काही शंका नव्हती. त्याच्या भावाने माझ्याविरुद्ध तक्रार दिली, मी गाडीत काहीतरी करून ठेवलं म्हणून. गळ्यात हात बांधून मी पोलिसांसमोर बसलो.

"इंजिन किती वेळ चालू होतं?"

"चालूच नव्हतं, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून सगळं पाहिलं होतं. त्याही हेच म्हणाल्या, "गाडी बंद व्हती. मी लेकराची शपथ घेऊन सांगंन." गाडी तपासली, काही सापडलं नाही. रंजनाने तिची वेगळी तक्रार दिली. आता ती आमच्याकडे असते.

मी माझ्या परीने खूप डोकं खाजवलं. एक दोस्त म्हणाला, वेल्डिंगचं कार्बाइड टाकलंस ना, पाण्यात पडलं की ते तापून गॅस सोडतं? टाकलं असतं तर रेडिएटर तापला असता आणि रंजनाही भाजली असती. लोकांनी तर गाडीच्या आधीच्या मालकाच्या, नेरळच्या गृहस्थांच्या, बायकोला गप्पांतच मारून टाकलं, तिचा आत्मा गाडीत अडकलाय म्हणे. मी नेरळला जाऊन आलो. बाई ठणठणीत आहेत, मला पोहे खायला घातले. गाडी कधीच गळली नाही म्हणाल्या. आता ती दिनेशचा भाऊ चालवतो. ऐकतो की थेंबभरही पाणी पीत नाही.

कर्जतपासून खोपोलीपर्यंत सगळ्यांची खात्री आहे की हे मीच केलं. चहाच्या टपरीवर लोक डोळे मिचकावतात, "शेट, बरोबर काम केलंस." आईलाही तसंच वाटतं.

परवा रंजना मला जेवायला वाढत होती. हळूच म्हणाली, "दादा, आता तरी सांग. काय टाकलं होतंस त्यात?"

"काय नाय गं."

"बरं, नको सांगू." ती हसली. आमच्याकडे आली तेव्हा दाराचा आवाज झाला तरी दचकायची. आता झोपते शांत. कुणी हात उगारलाच तर आपला दादा गार पाणी उकळवू शकतो, असं तिने मनाशी धरलंय. मी पुन्हा 'नाही' म्हणालो नाही.

तुमच्यापाशी म्हणतो. मी काही केलं नव्हतं. मी फरशीवर पडलो होतो आणि माझ्या बहिणीचं कपाळ फुटायची वाट बघत होतो. तिला कुणी वाचवलं, मला माहीत नाही.