चाकाला लावलेला गुडघा

चलथाणच्या रस्त्याला, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे वळतात त्याच्या थोडं अलीकडे, आमची पत्र्याची शेड होती. राहायला आम्ही भेस्तानला. लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेत आले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायकांचे नवरे लूमवर जायचे. माझाच एक काळ्या तेलानं माखून घरी यायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट मी मिरवायचे. आमचे हे ट्रॅक्टर मधोमध सोडवतात आणि पुन्हा जोडतात, असं मी शेजारणींना सांगायचे, आणि त्यांना त्यातलं काही कळायचं नाही.

मलाही कळायचं नाही, खरं तर. शेडच्या शेवटच्या चार वर्षांत कळलं. जुन्या ट्रॅक्टरला खालून सांगाडाच नसतो. पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, आणि दोघांची बिडाची कवचं बोल्टांनी एकमेकांना जखडलेली. क्लचप्लेट बसते नेमकी त्या सांध्यात. ती बदलायची तर अख्खा ट्रॅक्टर पोटातून वेगळा करावा लागतो. पुढच्या अ‍ॅक्सलवर लाकडी पाचरी ठोकायच्या, म्हणजे इंजिन कलंडत नाही. गिअरबॉक्सखाली टेकू द्यायचा, वायरी, नळ्या, दांडे सोडवायचे, बोल्ट काढायचे आणि पुढचा भाग जॅकवरून हळूहळू ओढून न्यायचा. हे म्हणायचे की सोडवायला अक्कल लागत नाही, जोडायला लागते.

जोडताना गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दातेरी दांडा क्लचप्लेटच्या भोकात शिरावा लागतो. दाताला दात जुळला तर दोन्ही कवचं गप्पकन मिटतात. नाही जुळला तर दोन बोटांची फट राहते ती राहतेच. अशा वेळी बोल्ट आवळून फट ओढायची नाही, हा यांचा पहिला नियम. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. हे त्या फटीतून बोटं घालून आतलं चाक केसभर फिरवायचे, डोळे मिटायचे, आणि दात जुळायचे. पंचवीस वर्षं जुळत आले.

मग हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, नंतर शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरनं कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि जड काम सोडा म्हणाला. हे दवाखान्यातून थेट शेडवर गेले. ज्या दिवशी ट्रॅक्टर जोडता येणार नाही त्या दिवशी पान्हा खाली ठेवीन, त्याच्या आधी नाही, असं मला संध्याकाळी जेवताना सांगितलं. मी घरी साड्यांना लेस लावायचं काम करायचे, ते सोडलं आणि यांचा डबा घेऊन शेडवर जायला लागले. डबा दिला की परत यायचं असायचं. मी परत येत नव्हते.

त्या दिवसांत एकदा हे सांध्यापाशी बसून अर्धा तास झगडत होते. बोटं फटीत होती, पण बोटांना काही कळत नव्हतं. घाम मानेवरून बनियनमध्ये उतरत होता. मी मागे उभी होते. मागचं एक चाक जॅकवर उचललेलं, गिअर टाकलेला. चाक थोडं हललं की आतला दांडा फिरतो, हे मी तोपर्यंत बघून बघून शिकले होते. मी काही न बोलता गुडघा टायरला लावला आणि हलकेच रेटला. जरासा. पुढे खट्ट आवाज झाला आणि फट मिटली. यांनी डोळे उघडले, हात पुसला आणि चहा टाक म्हणाले. इतका आनंद मला स्वतःच्या कशाचा झाला नव्हता.

तिथून पुढे प्रत्येक ट्रॅक्टरला तसंच केलं. हे पुढे, मी मागे चाकाशी. मध्ये गिअरबॉक्सचं धूड, त्यामुळे यांना मी दिसत नसे. एका हातात बॅटरी धरून उजेड मात्र नीट पाडायचा, म्हणजे संशय येत नाही. गुडघ्याला टायरच्या खाचांचे वळ उठायचे आणि मी ते घरी तेल लावून चोळायचे. माझी अशी समजूत होती की मी यांना फसवते आहे. चांगल्यासाठी फसवते आहे, म्हणून पाप लागत नाही.

गेल्या उसाच्या हंगामात एक म्हातारा गुजराती शेतकरी आपला ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टर म्हणजे त्याच्याच वयाचा म्हणावा असा. तो बनवणारी कंपनीसुद्धा कधीच बंद पडलेली. क्लच पार गेला होता आणि त्याच्या उसाची तोड दोन दिवसांवर आली होती. सोडवणं सकाळी झालं, नवी प्लेट बसली. दुपारी जोडायची वेळ आली तेव्हा म्हातारा यांच्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून त्यानं यांना विचारलं की बेनलाही हे काम येतं का. हे हसले.

"ए तो बस बत्ती पकडे," म्हणाले.

ती तर फक्त बत्ती धरते. इतकी वर्षं सुरतेत काढल्यावर गुजराती मला कुणी समजावून सांगायला नको. म्हातारा मान डोलावून बाहेर बिडी ओढायला गेला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बरं, धरते मी बत्ती, म्हटलं. आज बत्तीच धरते. बघू कसे जुळतात दात.

मी आज सांगते, मला यांना हरवायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की यांनी एकदा मागे वळून म्हणावं, जरा चाक बघ गं. मी लगेच गेले असते. मी चाकापासून दोन पावलं दूर उभी राहिले, बॅटरी सांध्यावर धरली आणि वाट बघितली.

यांनी बोटं घातली, काढली. पुन्हा घातली. इंजिन मागेपुढे रेटलं. फट दोन बोटांची होती, ती दोन बोटांचीच राहिली. बराच वेळ गेला. मध्येच हे थांबले, कान दिल्यासारखे. मला वाटलं आता हाक मारतील. हाक मारली नाही. मग यांनी खालचे दोन बोल्ट घातले, पान्हा लावला आणि आवळायला सुरुवात केली. पंचवीस वर्षं जे कुणालाही करू दिलं नाही ते हे स्वतः करत होते, आणि मी उजेड पाडत होते. नका करू एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पान्ह्याचे दोन फेरे झाले, तीन झाले. मी बत्ती हलू दिली नाही.

आवाज फार मोठा नव्हता. गिअरबॉक्सच्या कवचाचा बोल्टाकडचा कान तुटून खाली पडला आणि तिथून वर वीतभर चीर गेली. यांनी पान्हा जमिनीवर ठेवला. फेकला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर जे करायचं ते सगळं केलं. बिडाचं वेल्डिंग करणारा माणूस आणला. त्यानं चीर तापवून भरली, आणि थंड होता होता ती शेजारून पुन्हा फुटली. भंगारवाल्यांकडे आम्ही दोघं आठवडाभर हिंडलो. तसं कवच कुठे नव्हतं. एकानं तर मॉडेलचं नाव ऐकून हात जोडले. म्हाताऱ्याचा ऊस दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं गेला. त्यानं भांडण केलं नाही. एक दिवस ट्रॉली आणली, दोन्ही तुकडे वेगवेगळे चढवले आणि घेऊन गेला. जाताना त्यानं पुढच्या बॉनेटवर हात ठेवलेला मी बघितला आणि मला तोंड लपवावंसं वाटलं.

हे बोलल्याप्रमाणे वागले. शेड सोडायचं ठरलं. पान्हे एका गोणीत भरायचे होते. हे एकेक पुसून माझ्याकडे देत होते, हातातून दोनदा पडला तरी पुन्हा उचलून पुसत होते. पंधरा-सोळा दिवसांत त्या दुपारबद्दल आम्ही एक अक्षर काढलं नव्हतं. मोठा पान्हा माझ्या हातात देताना यांनी घरच्या बोलीत विचारलं, माझ्याकडे न बघता.

"त्या दिन तू चाकले हात काब्र नही लावा?"

चाकाला हात का लावला नाहीस, असं. म्हणजे यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार वर्षं आम्ही दोघं मिळून ट्रॅक्टर जोडत होतो, आणि ते ठाऊक नसलेली मी एकटी होते. राग आला होता असं सांगता आलं नाही. त्या तुटलेल्या कानापुढे तो राग केवढासा होता. लक्षात राहिलं नाही, असं मी म्हणाले.

यांनी मान हलवली. लक्षात न राहण्याएवढी मी भोळी नाही हे यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. फडकं घडी करून गोणीवर ठेवत म्हणाले,

"मी तुनी वाट दखत व्हतू."

मग रिक्षा आली आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून गोणी आत चढवली.