डाव्या गालाची नोकरी

मला पहिली नोकरी लागली ती मुरमांमुळे. पदवी होती, टायपिंगचं सर्टिफिकेट होतं, पण त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जालना रोडवर तेव्हा मोठ्या काचा लावलेली नवनवी दुकानं उघडत होती. त्यातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानात मी मुलाखतीला गेले, तर मालकीणबाईंनी आधी स्कार्फ सोडायला सांगितला. आमच्या शहरात गाडीवरच्या सगळ्याच मुली डोळे सोडून सगळं तोंड बांधून घेतात, उन्हासाठी. मी सावलीतही बांधून असायची. बाईंनी माझे दोन्ही गाल निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "एकदम परफेक्ट."

काम असं होतं. दुकानात मिनरल मेकअपची पावडर नवीन आली होती. ती रोज सकाळी उजव्या गालाला लावायची, डावा आहे तसा ठेवायचा आणि काउंटरवर उभं राहायचं. गिऱ्हाइकानं आधी डावीकडून बघायचं, मग उजवीकडून. तीन महिने नीट उभी राहिले, तर नोकरी कायम.

फायदे मला तोंडपाठ होते. तेल नाही, वास नाही, नुसती बारीक दळलेली खनिजं: जस्त, लोह, अभ्रक. त्वचेची रंध्रं बुजत नाहीत, उन्हालाही थोडा आडोसा होतो. मुरूम बरा होत नाही, फक्त झाकला जातो, हेही मी सांगून टाकायची. डावा गाल समोर असताना खोटं बोलून उपयोग नव्हता. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी डबी उघडून पाहिली. "म्हणजे मातीच की," ते म्हणाले. "ती तर बाहेर फुकट उडतीय."

उडत होतीच. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. शहर मात्र बायपासच्या पलीकडे पसरत चाललं होतं आणि जिथं बघावं तिथं नव्या इमारतींचे खड्डे. आमच्या सिडकोतल्या घरी सहाव्या-सातव्या दिवशी नळ यायचा. एकदा सिल्लोडकडची एक बाई सुनेला घेऊन दुकानात आली. तिनं सगळे फायदे मान हलवत ऐकले आणि विचारलं, "रातीला धुवाया लागतंय का हे?"

मी म्हटलं, ओल्या फडक्यानं पुसलं तरी निघतं.

"मग द्या. प्यायला पाणी नाय, तोंडाला कुठून आणू?"

हा फायदा कंपनीच्या पत्रकात छापलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी तोच पहिला सांगू लागले.

घरी आई माझ्या तोंडासाठी रोज एक तांब्या पाणी वेगळं काढायची. टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायची, वरचं निवळ पाणी तांब्यात ओतून त्यावर फडकं बांधायची. स्वतः ओल्या पंचानं अंग पुसून घ्यायची आणि म्हणायची, मला बाई अंघोळीचा कंटाळाच येतो. आमच्याकडच्या मे महिन्यात.

एका तांब्यात काय होणार? त्याआधी मी दिवसातून दहा वेळा साबणानं तोंड घासायची. शिवाय लिंबू, डाळीचं पीठ, मुलतानी माती, टूथपेस्ट. आलागेला प्रत्येक नातेवाईक नवीन औषध सांगून जायचा आणि मी ते करायची. आता पाणीच नसल्यामुळे सगळं बंद पडलं. दोन महिन्यांत डावा गाल बरा व्हायला लागला. पावडर तर त्याला शिवलीही नव्हती. उजवाही पावडरीखाली बरा होत होता. इतकी वर्षं मीच त्यांना सोलत होते, हे मला दुष्काळानं शिकवलं.

मालकीणबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. "अगं, दोन्ही साइड सेमच दिसायला लागल्या," त्या कुरकुरल्या. "गिऱ्हाइकाला दाखवू काय? महिनाअखेरीस बघू."

माझं धाबं दणाणलं. मला ती नोकरी हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी लोकांसमोर उघड्या तोंडानं उभी राहत होते आणि कुणी नजर चुकवत नव्हतं. मग मी अक्कल चालवली. चार दिवस टपरीवरची भजी खाल्ली. सकाळी मोरीत बसून फक्त डाव्या गालावर लिंबू घासायचं, वर टूथपेस्ट, मग साबण, परत साबण. चौथ्या दिवशी गाल मस्त लाल झाला, दोन पुटकुळ्याही आल्या. मी खूश होते.

तेवढ्यात आई मोरीच्या दारात आली. माझ्या हातात लिंबाची फोड होती. "हे काय करतीस?"

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं मला तोवर वाटलंच नव्हतं. आईनं रिकाम्या तांब्याकडे पाहिलं, मग मोरीतल्या फेसाकडे.

"मी कशासाठी काढून ठेवत होते गं ते पाणी?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, मुरूम ऐन भरात होते तेव्हाही नाही. ती आत गेली, प्यायच्या हंड्यातलं तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तिनं स्वतः माझा गाल धुतला, चोळला नाही, नुसता धुतला. मग पदरानं टिपला.

त्यानंतर मी गालाला हात लावला नाही. महिनाअखेरीस बाईंनी मला दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मनापासून हळहळल्या. "बरी झालीस गं तू." म्हणजे काय, हे मीच विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, पहिल्या तारखेपासून येऊ नकोस.

घरी येऊन आईला सांगितलं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तिनं माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिली. मला रडू फुटलं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं.